एकाच भांड्यात

रविवारी संध्याकाळी आमच्याकडे स्वयंपाक मी करतो. हे वाक्य मी शक्यतो चारचौघांत बोलतो आणि बोलून झालं की जरा थांबतो, म्हणजे कौतुकाला वाव मिळतो. ‘फार काही नाही हो, एकाच भांड्यात होतं सगळं,’ हे पुढचं वाक्य बायकोच्या मैत्रिणींसाठी राखून ठेवलेलं आहे.

माझा हुकमी पदार्थ म्हणजे चकोल्या. उकळत्या आमटीत कणकेचे शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे सोडायचे, आमसूल, गूळ, गोडा मसाला आणि वाढताना वर सढळ तूप. पोळी नको, भाजी नको, भात नको. आता डाळ शिजवायला कुकर लागतो, डाळ घोटायला रवी लागते, कणकेला परात, लाटायला पोळपाट-लाटणं, कापायला सुरी आणि फोडणीला कढलं. पण ही झाली साधनं. भांडं म्हणाल तर एकच, ज्यात चकोल्या शिजतात ते पातेलं. माझ्या या हिशेबाला बायको ‘सरकारी आकडा’ म्हणते.

मुगाची खिचडी थेट कुकरात लावली तर भांडी खरोखरच वाचतात. डेनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनमध्ये वाफेच्या दाबावर हाडंसुद्धा मऊ करणारं भांडं दाखवलं, पुढे त्याला झडपही बसवली. त्याच झडपेचा वंश चालवणाऱ्या शिट्टीतून उडालेला मुगाचा फेस भिंतीच्या टाइल्सवरून कोणी पुसायचा, हे ठरवायचं त्याने आमच्यावर सोडलं. आम्ही ते बायकोवर सोडलं.

पण एका भांड्याचा खरा राजा पिठलं. तेही लोखंडी कढईतलं. पिठलं हे निमित्त, खरी गंमत तळाच्या खरवडीची. त्यासाठी पिठलं उतरवायची घाई करायची नाही. आच मंद, वर झाकण, आणि वास ‘झालं’च्या पुढे आणि ‘जळलं’च्या अलीकडे पोचला की गॅस बंद. मग कालथा उभा धरून कडेकडेने सोडवत यायचं. आधी नुसता खरखर आवाज येतो. मग एखादा तांबूस पापुद्रा अख्खा सुटून येतो, त्याला लसणाची करपलेली पाकळी आणि मिरचीचं टोक चिकटलेलं असतं. तो ताटापर्यंत न्यायचा नसतो, ओट्याशी उभ्यानेच खायचा असतो, आणि घरातलं दुसरं कोणी स्वयंपाकघरात यायच्या आत. नॉनस्टिक कढईत पिठलं करणाऱ्यांबद्दल मला वैर नाही, पण अशा घरी सोयरीक करताना मी दोनदा विचार करीन.

खरवड खाऊन जी उरते, ती कढईची आणि घासणारीची. इथे मी नळ सोडतो, कढईत पाणी भरतो आणि आत आवाज देतो, ‘भिजत घातलीय गं!’ या तीन शब्दांत काम पूर्ण झाल्याचा जो भाव असतो, तो मला फार आवडतो. भिजत घोंगडं सगळ्यांना ठाऊक आहे. भिजत कढई ही त्याची शहरी आवृत्ती.

सोमवारी सकाळी भांडीवाल्या मावशी येतात.

“काका, काल तुमीच केलं वाटतं.”

“कशावरून?”

“परातीवरून. कणीक वाळून बसली की घासणीनं जात न्हाई, नखानं काढावी लागती.”

मी त्यांना एका भांड्याचा सिद्धांत समजावून सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतला, हात परातीतच होते. म्हणाल्या, “आमी शेतावर भाकरी हातावरच घ्यायचो. भाकरीवर ठेचा, कांदा बुक्कीनं फोडायचा. घासायचं काय न्हाईच.”

“आणि इथं?”

“इथं पाच घरची भांडी करून गेल्यावर आपलं ताट घासायचा कट्टाळा येतो. मग मी आन पोरगी एकाच ताटात जेवतो.”

यावर मला पटकन विनोद सुचला नाही. दिवसभर दुसऱ्यांची खरकटी ताटं हाताळणाऱ्या बाईच्या घरात दुसरं ताट निघत नाही, आणि मी इकडे एका भांड्याची शेखी मिरवतोय. मावशींनी परात उपडी घातली आणि कढईकडे वळल्या.

तेव्हापासून ‘दहा मिनिटांत झटपट’ अशा पाककृती वाचल्या की डोकं तापतं. ही दहा मिनिटं गॅस बंद झाला की संपतात. पुढची वीस मोरीत जातात आणि ती कुणाच्याच खाती लिहिली जात नाहीत. कमलाबाई ओगल्यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापं देऊन नवशिक्यांची केवढी सोय केली. आता पाककृती लिहिणाऱ्या, छापणाऱ्या आणि दाखवणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. ‘साहित्य’ आणि ‘कृती’ यांच्या खाली ‘भांडी’ असा तिसरा मथळा घाला. सुरुवात चकोल्यांपासून करा आणि आकडा खरा छापा. कुकर, त्याचं झाकण, आतला डबा, रवी, परात, पोळपाट, लाटणं, सुरी, कढलं, पातेलं, डाव. अकरा. जेवणाऱ्यांची ताटं वेगळी.