चीजवाल्यांनी चॉकलेट हलवलं

क्राफ्ट या अमेरिकी कंपनीने ब्रिस्टलजवळच्या कामगारांना दिलेला शब्द पाळला नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पाळला की! मालक झाल्यावर चांगला आठवडाभर पाळला.

ब्रिस्टल आणि बाथ यांच्यामध्ये केनशम नावाचं गाव आहे. तिथे सॉमरडेल हा चॉकलेटचा कारखाना होता, मूळचा ब्रिस्टलच्या फ्राय घराण्याचा. चॉकलेट साच्यात घालून त्याची वडी विकायची, हा उद्योग या फ्रायांनी 1847 साली सुरू केला. 1919 मध्ये ते कॅडबरीला जोडले गेले आणि पुढे शहरातली दाटी सोडून कारखाना केनशमला हलला. क्रंची, कर्ली वर्ली तिथेच बनायची. ठाण्याच्या कॅडबरी जंक्शनवर रोज बस पकडणाऱ्याने हे लांबच्या नात्यातलं समजायला हरकत नाही.

ऑक्टोबर 2007 मध्ये सॉमरडेल बंद करून काम पोलंडला न्यायचं ठरलं. ठरवलं ते कॅडबरीच्याच साहेबांनी. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर सगळं खापर अमेरिकेवर फुटतं आणि घरचे साहेब नामानिराळे राहतात. कामगारांनी आरडाओरडा केला, मग हळूहळू मनाची तयारीही केली. एवढ्यात सप्टेंबर 2009 मध्ये क्राफ्ट कॅडबरीला मागणी घालायला आली आणि म्हणाली, कंपनी आम्हाला द्या, सॉमरडेल चालू ठेवता येईल असा आमचा विश्वास आहे. मेलेल्या आशेला पुन्हा पाणी घातलं.

सौदा सुमारे 11.5 अब्ज पौंडांचा झाला. क्राफ्टला कर्ज देणाऱ्यांत रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडही होती, जिला बुडण्यापासून वाचवायला ब्रिटिश सरकारने नुकताच जनतेचा पैसा ओतला होता. म्हणजे केनशमच्या कामगाराने आपल्याच नोकरीच्या तेराव्याची वर्गणी आगाऊ भरून ठेवली होती. 2 फेब्रुवारी 2010 ला कंपनी क्राफ्टच्या हातात आली. 9 फेब्रुवारीला क्राफ्टने जाहीर केलं की पोलंडचं काम फार पुढे गेलंय, सॉमरडेल बंदच होणार. सुमारे 400 नोकऱ्या गेल्या.

आता अशा वेळी कामगाराने काय करावं, यावर जगात ज्ञानाची टंचाई नाही. ‘हू मूव्ह्ड माय चीज’ हे 1998 चं पुस्तक तर याच प्रसंगासाठी लिहिल्यासारखं आहे. चीज हलवलं म्हणून कुढू नका, बूट घाला आणि नवं चीज शोधायला निघा. चीज हलवलं कुणी, हे मात्र त्यात कुणी फारसं विचारत नाही. इथे गंमत अशी की क्राफ्टचा मूळ धंदाच चीजचा!

आणि अशा वेळी कंपन्यांत भरणारी ती शिबिरं! पडद्यावर सुरवंटाचं फुलपाखरू होतंय, कागदी बशीत दोन बिस्किटं आहेत, समोर कालच कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीत हेच बोलून आलेला हसरा प्रशिक्षक. बदल म्हणजे संधी, स्वतःला घडवा, वाढा. वीस वर्षं एकाच यंत्रावर हात बसलेल्या माणसाने पन्नाशीत किती वाढायचं? त्यापेक्षा वाढीला खरी जागा वरच्या मजल्यावर आहे.

ती कशी, ते पाहा. मार्च 2010 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने क्राफ्टला जाब विचारायला बोलावलं. प्रमुख आयरीन रोझेनफेल्ड आल्या नाहीत, हाताखालचे अधिकारी मार्क फायरस्टोन आले आणि माफी मागून गेले. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणं गेलं, बाई तेव्हाही आल्या नाहीत. त्याआधी, मे 2010 मध्येच, कंपन्यांच्या खरेदीवर देखरेख करणाऱ्या टेकओव्हर पॅनलने ठपका ठेवला की कारखाना चालू ठेवण्याची भाषा करायला क्राफ्टकडे पुरेसा आधारच नव्हता. ठपक्याला दंड नव्हता. रोझेनफेल्ड यांची 2009 सालची कमाई मात्र 2.6 कोटी डॉलरच्या पुढे गेली होती. बदलाला सामोरं जाणं म्हणतात ते हे.

खरी सुधारणा झाली ती नियमात. कंपनी विकत घेताना कारखाने नि नोकऱ्यांबद्दल जे बोलाल ते साधारण वर्षभर तुम्हाला बंधनकारक, असं 2011 मध्ये टेकओव्हरच्या नियमावलीत आलं. या 400 माणसांच्या नोकऱ्या जाण्याआधी हे कुणाला सुचलं नव्हतं. सॉमरडेलची यंत्रं 2011 च्या सुरुवातीला थांबली. त्या इमारतींत आता ज्येष्ठांसाठी वसाहत आहे, नाव ‘चॉकलेट क्वार्टर’.

तुमच्या कंपनीत ‘बदलाच्या काळात स्वतःचा विकास’ असं शिबिर लागलं तर जरूर जा, बिस्किटंही खा. फक्त नाव नोंदवण्याआधी एवढं विचारून घ्या, की साहेब कितव्या रांगेत बसणार आहेत.