आपला कोणता?

घरात फोटोग्राफर असणे ही एक आपत्ती आणि तो सहलीला बरोबर असणे ही दुसरी. पहिलीत फक्त पैसे जातात. दुसरीत ऊन मऊ होईपर्यंत सगळ्यांचे जेवण थांबते. मी याच जमातीतला असल्यामुळे तिची बाजू घेणे माझे कर्तव्य आहे, पण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या, दीक्षांत संचलनापुरती ती मला घेता येत नाही. मे किंवा नोव्हेंबर संपत आला की कुणाच्या तरी घरचा मुलगा तिथून बाहेर पडायचा असतो. आजी, आत्या, मामा, मामी असा लवाजमा पुण्यात उतरतो. संचलन सकाळी लवकर, म्हणून सगळे दोन दिवस आधीच येतात, आणि मोकळ्या वेळात पाहुण्यांना राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवायचे हा पुण्याचा जुना शिरस्ता. अशा रीतीने एकाच कॅमेऱ्यापुढे लागोपाठ एक संग्रहालय आणि एक परेड येते. माझे म्हणणे असे, की या दोन जागा डोळ्याकडून नेमक्या उलट गोष्टी मागतात. फोटोग्राफर संग्रहालयातला डोळा तसाच परेडला घेऊन जातो आणि पुढचा सगळा अनर्थ त्यातून होतो.

संग्रहालयाचे काम एकाला बाजूला काढण्याचे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर दिवे, वाद्ये, कलमदाने, वज्ऱ्या आणि अडकित्ते गोळा केले. सुपारी कातरायला खरे तर दोन पाती पुरतात. पण जुन्या कारागिरांचे तेवढ्यावर समाधान होत नसे. त्यांनी अडकित्त्यांना पशुपक्ष्यांची, माणसांची रूपे दिली आणि केळकरांना एकासारखा दुसरा नको होता. अशा ठिकाणी फोटोग्राफर सुखात असतो. वस्तू हलत नाही, डोळे मिटत नाही, ‘माझा डावीकडून काढ’ म्हणत नाही. अडचण फक्त काचेची. काचेवरची चमक पोलरायझरने जाते, पण काचेशी साधारण ३५ अंशांचा कोन साधला तरच. अगदी समोर उभे राहिले तर पोलरायझर नुसताच प्रकाश खातो. म्हणून तो एका अडकित्त्यापुढे तिरका होऊन पाऊण तास उभा राहतो आणि मागे ताटकळलेल्या आत्याला सांगतो, “आत्या, तुझी साडी काचेत दिसतेय, जरा सरक.” कोथरूडहून आणून इथे पुन्हा उभारलेला मस्तानी महाल तेवढ्यात बघायचा राहून जातो.

अडकित्त्यावर प्रभुत्व मिळवलेला हा माणूस मग खेत्रपाल परेड ग्राउंडवर येऊन बसतो. कॅमेरा आत नेऊ दिलेला असला, तर त्याला पोराच्या शिक्षणाएवढ्या किमतीची लेन्स लावलेली असते. समोर बाहेर पडणाऱ्या तुकडीचेच तीनशेहून अधिक कॅडेट, शिवाय मागच्या तुकड्या. सगळ्यांचे केस एकाच न्हाव्याने एकाच रागात कापल्यासारखे, टोप्या एका रेषेत, हनुवट्या एका कोनात. आजी विचारते, “आपला कोणता?” आणि इथून पुढे संचलन संपते, सहल संपते, अल्बम छापून येतो, तरी या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. जरा हिशेबच करू. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ४०० मिलिमीटरची लेन्स २०० मीटरवरचा १८ मीटर रुंदीचा तुकडा दाखवते. जलद चालीत मिनिटाला १२० पावले आणि पाऊल ३० इंची, म्हणजे सेकंदाला सुमारे दीड मीटर. तेव्हा मुलगा चौकटीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत मिळाली फक्त १२ सेकंदे. त्यात टोपीची सावली डोळ्यांवर, लांब लेन्समुळे रांगा एकमेकींना चिकटलेल्या, एकाच्या कानामागून दुसऱ्याचे नाक उगवलेले. सेकंदाला १० या गतीने फोटोग्राफर १२० फोटो काढतो आणि ते उत्कृष्ट येतात. फक्त त्यांत दिसणारी मुले दुसऱ्यांची असतात. सुदानच्या रणांगणावर लढलेल्या भारतीय जवानांच्या स्मरणार्थ त्या देशाने दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला सुदान ब्लॉक मात्र छान टिपला जातो, कारण तो चालत नाही.

याचा दोष लेन्सवर टाकू नये. तीन वर्षे, सहा सत्रे या मुलांना ज्यासाठी राबवले, तेच तर समोर चाललेले असते: शेकडो टाचांचा एक आवाज. एकटा कुणी वेगळा दिसू नये यासाठीच सगळा खटाटोप. तेव्हा जो मुलगा फोटोत पटकन ओळखू येतो, त्याचे पाऊल चुकलेले असते. फोटोग्राफर मनातल्या मनात जे मागत असतो ती त्या पोराची फजिती असते! यावर तांत्रिक मंडळी म्हणतील, ६०० मिलिमीटरची लेन्स घ्या. घ्या की, १२ सेकंदांची आठ होतील. कुणी म्हणेल, मुली तरी ओळखू येतील. मे २०२५ मध्ये एनडीएतून महिला कॅडेटांची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या सतराजणी त्याच गणवेशात, त्याच चालीत होत्या, आणि लांबून शोधायला त्याही तितक्याच अवघड. तिसरा आक्षेप मला मान्य करावा लागतो: आईला ओळखू येतो. खरेच येतो, लेन्सशिवाय. कधीकधी दोन आया एकाच कॅडेटकडे बोट दाखवतात आणि दोघींचेही डोळे भरलेले असतात. तिथे कॅमेऱ्याने पंच होऊ नये.

आणि थट्टा इथे जराशी थांबवावी लागते, कारण या दोन्ही जागांची नावे कुणाच्या तरी मुलांची आहेत. संग्रहालयातला ‘राजा’ म्हणजे केळकरांचा सात वर्षांचा असताना गेलेला मुलगा. बापाने हजारो वस्तू जमवल्या आणि त्यांच्यावर नाव त्याचे घातले. परेड ग्राउंड सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या नावाचे. जन्म पुण्यातलाच, १९५० चा. याच प्रबोधिनीत शिकले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पेटलेला रणगाडा न सोडता लढत राहिले आणि एकविसाव्या वर्षी गेले. परमवीर चक्र मरणोत्तर मिळाले. प्रबोधिनीतल्या रांगेत तेही कधीतरी असेच इतरांसारखे दिसत चालले असतील. आजीच्या प्रश्नातली धास्ती फोटोपुरती नसते, हे तेव्हा लक्षात येते आणि ‘आजी, हात हलवू नकोस, फ्रेममध्ये येतोय’ असे ओरडणाऱ्या फोटोग्राफरचा मनापासून राग येतो.

तरीही फोटो हवाच असेल, तर नातेवाईक सहसा विसरतात ते सांगतो. मंद चालीत ‘अंतिम पग’ ओलांडला म्हणून मुलगा अधिकारी झालेला नसतो. पुढे भूदलाचा कॅडेट डेहराडूनला, नौदलाचा एळिमलाला आणि हवाई दलाचा दुंडिगलला जातो. डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीत वर्षभराने पुन्हा संचलन होते आणि नंतर आईवडीलच पोराच्या खांद्यावर तारे लावतात. त्या वेळी अंतर हातभर असते, चेहरा समोर असतो आणि साधी ५० मिलिमीटरची लेन्स पुरते. गावात वन संशोधन संस्थेची संग्रहालयेही आहेत, म्हणजे फोटोग्राफरला आदल्या दिवशी तिथे गुंतवता येते. खडकवासल्याला मात्र कॅमेरा नेऊ नका. एक चांगली दुर्बीण न्या आणि ती आधी आजीच्या हातात द्या.