शेगावचा अर्ज नामंजूर

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेले. गावाची मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, उद्योगपती जमनालाल बजाजांची; तेव्हा देणारे तेच. अट घातली ती घेणाऱ्याने: झोपडीवर शंभर रुपयांच्या वर खर्च नको. आज अशा झोपडीसाठी देणगीचा अर्ज एखाद्या धनिक घराण्याच्या फाउंडेशनकडे गेला, तर पहिल्याच चाळणीत गळेल. तीन वर्षांचे ऑडिट नाही, करसवलतीचे ८०-जी प्रमाणपत्र नाही, लाभार्थ्यांचे हसरे फोटो नाहीत, आणि ‘अपेक्षित फलनिष्पत्ती’च्या रकान्यात नुसते ‘स्वराज्य’! धनिकांनी संपत्तीचे मालक नव्हे, विश्वस्त व्हावे, हा बापूंचा आग्रह मात्र मंडळींनी शब्दशः पाळला. विश्वस्त मंडळात आजोबा, मुलगा, सून, नातू, सगळे आहेत. बाकी शंभर रुपयांत देणगीदाराच्या नावाची पाटीसुद्धा होत नाही हो!