खुर्ची रिकामी, यादी कुलूपबंद

लखनौच्या रायबरेली रोडवर तेलीबाग नावाची वस्ती आहे. एका अंगाला छावणी, त्याच रस्त्यावर पुढे संजय गांधी पीजीआय, जवळच बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ. फौज, वैद्यक आणि विद्या, तिन्हींच्या नोकऱ्या हाकेच्या अंतरावर. पण तिथल्या पोराला या पट्ट्यात आज कोणती जागा रिकामी आहे हे कळायला हवं असेल, तर पीजीआयची वेबसाइट वेगळी, विद्यापीठाची वेगळी, राज्याचं सेवायोजन पोर्टल वेगळं आणि केंद्राचं 2015 साली गाजावाजा करून सुरू झालेलं नॅशनल करिअर सर्व्हिस त्याहून वेगळं. घरापासून पीजीआय जवळ, तिथली जाहिरात लांब.

आणि जाहिरात सापडली तरी ती वाचता येईलच असं नाही. सरकारी जाहिरातीची पीडीएफ हा एक स्वतंत्र कलाप्रकार आहे. मजकूर संगणकावर टाइप करायचा, छापायचा, सही-शिक्का मारायचा आणि मग त्या कागदाचा फोटो काढून तिरका डकवायचा. शिक्का बरोबर शेवटच्या तारखेवर. उत्तरेत मजकूर कृतिदेव फॉन्टात, आपल्याकडे श्रीलिपीत. कॉपी करायला जावं तर ‘लिपिक’च्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा. मागाहून शुद्धिपत्रक, मग मुदतवाढ, मग मुदतवाढीचं शुद्धिपत्रक.

कायदा नव्हता असं नाही. रिक्त जागा रोजगार कार्यालयाला कळवण्याची सक्ती करणारा कायदा 1959 साली झाला. सरकारी आस्थापनांना आणि 25 किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापनांना तो लागू होता. मालकाने जागा कळवायची ती कार्यालयाला. उमेदवाराला कळवण्याचं कलम कुणाला सुचलं नाही. न कळवल्याबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड फार तर 500 रुपये होता. शिवाय वगळलेल्या जागांची यादी बघा: शेतीकाम, घरकाम, तीन महिन्यांच्या आतलं काम आणि कार्यालयातलं अकुशल काम, म्हणजे शिपाई, पहारेकरी, झाडूवाला. पीजीआयच्या आसपासची औषधांची दुकानं, पॅथॉलॉज्या, गेस्ट हाउस यांना लागणारा बहुतेक माणूस या चाळणीतून खाली पडला. त्याच्यासाठी शटरवर चिकटवलेला ‘आवश्यकता है’ एवढाच कागद. तो कायदा आता 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विरघळला आहे. शटरवरचा कागद आहे तिथेच आहे.

या ‘अकुशल’ खुर्चीची किंमत लखनौलाच विचारावी. 2015 साली तिथल्या सचिवालयात शिपायांच्या 368 जागा निघाल्या. पात्रता पाचवी पास आणि सायकल चालवता येणं. अर्ज आले 23 लाख, त्यात अडीचशेवर पीएचडीवाले. (सायकलची परीक्षा त्यांची कुणी घ्यायची, हा प्रश्न उरलाच.) आपण हसायचं कारण नाही. मुंबईत मंत्रालयाच्या कॅन्टीनमध्ये वाढप्यांच्या 13 जागांना सुमारे 7 हजार अर्ज आले होते. पात्रता चौथी पास, निवडले गेलेले बहुतेक पदवीधर.

जागाच कमी आहेत, यादी उघडी ठेवून काय होणार, असं साहेबलोक म्हणतील. जागा वाढणार नाहीत, कबूल. पण एकाच दारावर लाखोंची झुंबड उडते, त्याचं एक कारण बाकीची दारं दिसतच नाहीत हेही आहे. आणि मूळ यादी दिसली नाही की ‘सेटिंग आहे, पैसे भरा’ म्हणणाऱ्याचं दुकान चालतं.

सर्वोच्च न्यायालयाने 1996 सालीच आंध्रातल्या एका एक्साइज भरतीच्या प्रकरणात सांगून ठेवलंय: नुसती रोजगार कार्यालयाकडून नावं मागवू नका, वर्तमानपत्रात द्या, फलकावर लावा, रेडिओ-टीव्हीवर सांगा. फलक तेवढा स्क्रीनवर आला, काच आणि कुलूप तसंच. माहिती अधिकाराच्या कलम 4 मध्ये सरकारी कार्यालयाने आपणहून जाहीर करायच्या गोष्टींची 17 कलमी यादी आहे. खुर्चीवर कोण बसलाय आणि त्याचा पगार किती, हे त्यात आहे. रिकाम्या खुर्च्यांचा वेगळा मुद्दा नाही.

स्वीडनची सरकारी रोजगार संस्था स्वतःकडच्या नोकऱ्यांच्या जाहिराती कुणालाही उचलता येतील, संगणकाला वाचता येतील अशा रूपात खुल्या ठेवते, 2006 पासूनच्या जुन्यासुद्धा. गावच्या संकेतस्थळाने त्यातून आपल्या गावापुरत्या गाळून घ्यायच्या. खुल्या डेटाचं राष्ट्रीय धोरण आपल्याकडेही 2012 साली आलं. तरी गाळण्याचं काम महाभरती, माझी नोकरी अशा खासगी साइट करतात, सरकारी पीडीएफ हाताने उतरवून. त्या जाहिराती दाखवून पैसे कमावतात म्हणून नाकं मुरडू नका. सरकारचं काम सरकारने केलं असतं, तर त्यांचं दुकान कशाला चाललं असतं?

सरकार जागं होईल तेव्हा होवो. तुमच्या गावाच्या, सोसायटीच्या किंवा मंडळाच्या साइटवर सत्कार आणि निधनवार्ता यांच्या मध्ये एक तक्ता घाला: पद, पत्ता, पगार, शेवटची तारीख, मूळ जाहिरातीची लिंक. शटरवरचे कागदही त्यात उतरवा. आणि जागा भरली की ती ओळ त्याच दिवशी काढा.