लिनक्सकाका

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला रामराम ठोकला. वसुबारस अजून यायची होती, पण आमच्या सोसायटीतल्या लिनक्सकाकांची दिवाळी त्याच संध्याकाळी सुरू झाली. ज्यांच्या संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नाही त्यांना विंडोज ११ रीतसर मिळणार नाही, ही बातमी त्यांनी लिफ्टमध्ये सांगितली, पार्किंगमध्ये सांगितली आणि एका घरी तर सत्यनारायणाचा प्रसाद हातात असताना यजमानांना सांगितली. वर "घाबरू नका, मी आहे," असा धीरही दिला. तोवर कुणी घाबरलेलं नव्हतं.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. खांद्याला शबनम. तिच्यात चार पेनड्राइव्ह, लाइव्ह डिस्कच्या डीव्हीडींचं पाकीट, सीमॉसची बटण-बॅटरी, स्क्रूड्रायव्हर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून जमवलेल्या केबल. उबुंटू या लिनक्सच्या सीडी टपालखर्चासकट फुकट घरी यायच्या, त्या काळातली जाड कागदी पाकिटं त्यांनी अजून जपून ठेवली आहेत. २०११ मध्ये ती योजना बंद झाली, तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नव्हते, असं काकू सांगतात. लिनक्सच्या गोटातल्या मोठ्या माणसांचा उल्लेख काका एकेरीत करतात. लिनक्सचा जनक लिनस तोरवाल्ड्स म्हणजे "आपला लिनस". २००० साली नॉपिक्स काढून लाइव्ह सीडी घरोघरी नेणारा जर्मनीचा क्लाउस क्नॉपर म्हणजे "क्लाउस". २०१२ साली फिनलंडमधल्या एका व्याख्यानात लिनसने ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीला जाहीरपणे मधलं बोट दाखवलं होतं. हा प्रसंग बायकांसमोर सांगताना काका "नापसंती व्यक्त केली" एवढंच म्हणतात. पुरुषांसमोर कृती करून दाखवतात.

लाइव्ह डिस्कची त्यांची जाहिरात मात्र बिनतोड असते. "हार्ड डिस्कला हात लावायचा नाही. पेनड्राइव्ह लावायचा, संगणक सुरू करायचा, लिनक्स पेनड्राइव्हवरूनच उभं राहतं. आवडलं तर ठेवा, नाही आवडलं तर बंद करा. एक पैसा नाही आणि तुमच्या फोटोंना धक्का नाही." यात खोटं एक अक्षर नाही. फक्त 'उभं राहतं' आणि 'दिसतं' या दोन गोष्टींमध्ये मॉनिटर नावाची वस्तू असते, हे ते सांगत नाहीत.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई निवृत्त शिक्षिका. त्यांचा संगणक मुलाने अमेरिकेला जाण्याआधी घेऊन दिलेला, त्याला एनव्हिडियाचं जुनं कार्ड. कार्डाचं नाव ऐकूनच काकांनी बाह्या सरसावल्या. मीही गेलो, कारण बाई अशा वेळी थालीपीठ करतात.

पेनड्राइव्ह लागला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ग्रबचा मेन्यू आला. काकांनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि एंटर दाबलं. लोगो आला, त्याखालचं चक्र फिरलं आणि पडदा मिटला. "नो सिग्नल" अशी पाटी मॉनिटरवर इकडून तिकडे तरंगायला लागली. थोड्या वेळाने तीही गेली.

बाईंचा चेहरा पडला. काकांचा खुलला.

इथे या जातीच्या माणसाचं मर्म आहे. पहिल्या झटक्यात लिनक्स चालू झालं की काका हिरमुसतात. एकदा वरच्या मजल्यावर सगळं सुरळीत झालं, आवाज आला, वायफाय लागलं, तेव्हा ते चहाला न थांबता निघून गेले होते. काळा पडदा मिळाला की मात्र मुक्काम पडतो.

काकांनी आधी कॅप्स लॉक दाबलं. कीबोर्डवरचा इवलासा दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. "जिवंत आहे!" ते बाईंना म्हणाले. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, गोठला असता तर दिवा हलला नसता, हे निदान अगदी बरोबर आहे. फक्त ते ज्या सुरात सांगितलं गेलं त्यामुळे बाईंनी देवघराकडे बघून हात जोडले.

"मग दिसत का नाही?"

"ओळख पटलेली नाही." काकांनी खुर्ची ओढली. "बाई, स्थळ सांगून येतं तेव्हा आधी काय येतो? कागद. उंची, शिक्षण, पगार, अपेक्षा. तसा प्रत्येक मॉनिटरचा एक कागद असतो, ईडीआयडी. अवघ्या १२८ बाइटचा. कंपनी कुठली, लांबी-रुंदी किती, कुठलं रिझोल्यूशन चालतं, सेकंदाला किती वेळा चित्र बदललं तर झेपतं. ग्राफिक्स कार्ड तो कागद मागतं. मेन्यूपर्यंत सगळं बायोसच्या भरवशावर चालतं, म्हणून तो दिसला. पुढे लिनक्सने कारभार हातात घेतला, कागद मागितला, कागद आला नाही. कार्डाची समजूत अशी की पलीकडे कुणी नाहीच."

"कागद हरवला कुठे?"

"वाटेत." आणि काका टेबलाखाली गेले.

पुढचा बराच वेळ आम्ही त्यांच्या पायांशी बोलत होतो. मॉनिटरच्या व्हीजीए केबलच्या निळ्या टोकात पंधरा पिनांची जागा असते. बाईंचा आठवीतला नातू, म्हणजे पुण्यातल्या मुलीचा मुलगा, बॅटरी धरून बसला होता. तो ओरडला, "काका, एक पिन नाहीये!" टेबलाखालून शांत उत्तर आलं, "नववी ना? ती बऱ्याच केबलींना नसते. तिच्यावाचून अडत नाही. बारावी आणि पंधरावी बघ." परिचयाचा मजकूर या दोन पिनांवरूनच येतो. बारावी वाकून आडवी झाली होती.

"पण इतकी वर्षं विंडोजमध्ये दिसत होतं की," बाई म्हणाल्या. रास्त प्रश्न होता.

काका टेबलाखालून बाहेर आले. "विंडोज खोटं बोलतं, बाई. ओळख पटली नाही तरी 'जेनेरिक मॉनिटर' असं म्हणून वेळ मारून नेतं. लिनक्स प्रामाणिक आहे. ओळख नाही, तर चित्र नाही."

या प्रामाणिकपणाचा बाईंना काय उपयोग, हे विचारायचं माझ्या जिभेवर होतं, पण थालीपीठ अजून तव्यावर होतं.

शबनममधल्या बदली केबलींत एक आखूड निघाली आणि दुसरी डीव्हीआयची. मग काकांनी आपल्या तरुणपणाचा काळ काढला. तेव्हा ट्यूबचे मॉनिटर होते. पडद्यावर चित्र आणणाऱ्या एक्सफ्री८६ च्या फाइलीत आडवी आणि उभी वारंवारता हाताने लिहावी लागायची. आकडा चुकला तर मॉनिटरला इजा होईल, अशी ताकीद माहितीपत्रकातच असायची. "शिट्टी वाजायची! शिट्टी ऐकली की उडी मारून बटण बंद करायचं." सध्याचा मॉनिटर फार तर "आउट ऑफ रेंज" म्हणून गप्प बसतो, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

तोवर नातवाने संगणक बंद करून पुन्हा चालू केला होता. मेन्यू आला. "काका, इथे दुसऱ्या ओळीत 'सेफ ग्राफिक्स' लिहिलंय. ते दाबू?"

खोलीत शांतता पसरली. त्या ओळीत काय आहे ते काकांना पक्कं माहीत होतं. ती ओळ दाबली की संगणक स्वतःच 'नोमोडसेट' हा शब्द जोडून घेतो. मग मॉनिटरची चौकशी होत नाही आणि बायोसने दिलेल्या साध्या चित्रावर काम भागतं. अशा आपत्तीसाठीच ती सोय ठेवलेली आहे.

"ते नवशिक्यांसाठी असतं," काका म्हणाले. त्यांनी पहिल्या ओळीवर येऊन 'ई' दाबलं. कर्नलची लांबलचक ओळ उघडली. 'क्वाएट स्प्लॅश' शोधून, चष्मा कपाळावर सरकवून, एका बोटाने त्यांनी तोच शब्द टंकला: नोमोडसेट. एकदा एक अक्षर राहिलं, पडदा पुन्हा काळा झाला. दुसऱ्यांदा टंकून एफ१० दाबलं आणि चित्र आलं.

नातू काही बोलला नाही. हल्लीची मुलं समजूतदार असतात.

बाईंना सगळ्यात आधी फोटो बघायचे होते. जुन्या हार्ड डिस्कवरचे फोटो लाइव्ह लिनक्समधून व्यवस्थित उघडले, काकांचा तो शब्द खरा ठरला. फक्त रुंद मॉनिटरवर १०२४ बाय ७६८ चं चित्र कडेपर्यंत ताणलं गेलं होतं. अमेरिकेतला मुलगा पडद्यावर आला. बाई पुढे वाकल्या, मागे सरकल्या.

"केवढा सुटलाय हा!"

"बाई, तो नाही सुटला. रिझोल्यूशन ताणलंय."

"दंड बघा की."

"आत्ता एक्सरँडर या आज्ञेने सरळ करतो," म्हणून काकांनी टर्मिनल उघडलं. नोमोडसेटमध्ये एक्सरँडरपुढे निवडीला दुसरं काही नसतं. यादीत एकच आकडा होता. काकांना याचाही आनंद झाला. "म्हणजे उद्या यायला हवं. तपकीर गल्लीतून चांगली केबल आणतो, पंधराच्या पंधरा पिनांची. मग हा शब्दच लागणार नाही."

"अहो, पण हा शब्द आता लक्षात ठेवेल ना तो?"

"लाइव्ह डिस्क काहीच लक्षात ठेवत नाही, बाई. दर वेळी पहिल्यापासून." हे सांगताना त्यांच्या आवाजात जी तृप्ती होती ती थालीपिठाची नव्हती. थालीपीठ त्यांनी गार करून खाल्लं.

काका गेल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं, कॅलिफोर्नियात सकाळ होण्याची वाट पाहिली आणि मुलाला फोन लावला. भात बंद कर, चीज बंद कर आणि सुनेला फोन दे, असं त्या क्रमाने सांगितलं.