अण्णा गाडी उघडतात

अण्णांची मोटारसायकल उत्तम चालते. सगळ्या भानगडीचं मूळ तिथेच आहे.

गाडी शंभर सीसीची, कार्बोरेटरवाली. अण्णा बँकेतून निवृत्त झाले, ती अजून नोकरीत आहे. आठवडाभर ती त्यांना मंडई, दवाखाना, पासबुक भरायला पुन्हा तीच बँक आणि घर असं मुकाट्यानं फिरवते. शनिवारी रात्री जेवताना मात्र अण्णांचा घास वाटेत थांबतो. "आवाज ऐकलास?" ते वहिनींना विचारतात. वहिनी कुठून ऐकणार? गाडी तीन मजले खाली, किल्ली काढून, कव्हर घालून उभी असते. "टॅपेट वाजतंय," अण्णा निकाल देतात. "उद्या उघडावी लागणार." वहिनी आमटी वाढतात आणि उद्या स्वयंपाकाला कुठली भांडी मिळणार नाहीत याचा मनातल्या मनात अंदाज घेतात.

असे अण्णा दर सोसायटीत एक असतात. कुठे त्यांना दादा म्हणतात, कुठे नाना, कुठे मामा. पेशानं ते यंत्राच्या आसपास फिरकलेले नसतात. ज्याची हयात लेथवर गेली तो रविवारी झोपतो. अण्णा लोक येतात ते बँकेतून, पाटबंधारे खात्यातून, विमा कचेरीतून. म्हणजे अडलेलं काम जिथे टिपण लिहून वर पाठवायची पद्धत असते अशा ठिकाणांहून. सगळा जन्म वर पाठवण्यात गेल्यावर खाली पार्किंगमध्ये त्यांना एक अशी वस्तू दिसते, जिला हात लावायला कुणाची सही लागत नाही.

या जमातीची वंशावळ स्कूटरपर्यंत जाते. १९७२ साली चेतक आली. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून ती मिळायची आणि सकाळी चालू होण्याआधी तिला एका अंगावर कलती करावी लागायची, हे पुण्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डिकीत जादा प्लग, प्लग-पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा बाळगणं ही तेव्हा सभ्य गृहस्थाची खूण होती. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, त्याची काजळी प्लगवर बसते, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण प्लग काढून, घासून, फुंकर मारून पुन्हा लावला आणि दुसऱ्या किकेला स्कूटर फुरफुरली, की पदर खोचून रस्त्याकडेला उभ्या असलेल्या बायकोकडे नवरा ज्या नजरेनं बघायचा, ती नजर पुढे प्रमोशननंतरही कुणाच्या डोळ्यांत आली नाही.

मग १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ साली स्प्लेंडर आली, आणि या फोर-स्ट्रोक गाड्यांनी एका अख्ख्या पिढीवर घोर अन्याय केला. त्या बिघडेनात. प्लग काळा होईना, किक मागे फिरेना, पेट्रोल संपेना. रविवार सकाळ मोकळी पडली. काहींनी बागकाम धरलं, काही हास्यक्लबात गेले. अण्णांनी मात्र हार मानली नाही. गाडी आपण होऊन बिघडत नसेल तर तिला थोडा हातभार लावायची त्यांची तयारी आहे.

त्यांच्या हत्यारांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. पहिल्या दिवाळसणाला सासऱ्यांनी अंगठी देऊ केली. अण्णांनी रिंग पान्यांचा सेट मागितला. (सासरे अजून हा किस्सा सांगतात, पण हसत नाहीत.) त्या सेटमधले नाशिकच्या तपारियाचे दोन पाने शिल्लक आहेत. बाकीची भरती जुन्या बाजारातली. पुण्याचा हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो आणि तिथे हत्यारं सुटी मिळतात, त्यामुळे अण्णांकडे चौदाचे चार पाने आहेत, एकवीस-तेवीसचा एक जंगी पाना आहे, जो बहुधा ट्रकचा असावा, आणि दहाचा एकही नाही. गाडीचा निम्मा ऐवज दहाच्या पान्यानं उघडतो. अण्णांनी तो अनेकदा विकत घेतला आहे. दहाचा पाना घरात टिकत नाही, एवढं खरं. खंडेनवमीला ते सगळी हत्यारं पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि दहाच्या जागी सुपारी ठेवतात.

तर रविवार. अण्णा भोकं पडलेला बनियन घालून खाली उतरतात. मागून चिरंजीव. त्याला यंत्रशास्त्र कळावं म्हणून अण्णा त्याला आणतात आणि मोबाईलची टॉर्च धरायला लावतात. या देशातल्या कितीतरी मुलग्यांचं वडिलांबद्दलचं मत टॉर्च धरतानाच पक्कं झालेलं असणार.

"इकडे धर. अरे, माझ्या हातावर काय? नटवर. कुठला नट म्हणजे? जो दिसत नाही तो!"

ठरलेलं असतं टॅपेट. पण टॅपेटच्या झाकणाला लागणारा पाना सापडत नाही. अण्णा क्षणभर विचार करतात आणि म्हणतात, "आलोच आहोत तर कार्बोरेटर बघून घेऊ." आवाज इंजिनाच्या डोक्यात, हात कार्बोरेटरला. पण अण्णांना कुठेतरी उघडायला मिळाल्याशी मतलब. चिरंजीव मोबाईलवर व्हिडिओ लावून देतो. व्हिडिओ मल्याळममध्ये असतो. अण्णा म्हणतात, "भाषेचं काय घेऊन बसलास, पाना सगळीकडे सारखाच फिरतो." व्हिडिओतल्या माणसाचा प्रत्येक स्क्रू बोट लावताच सुटतो. त्याचे हातही स्वच्छ असतात. असल्या माणसावर अण्णांनी विश्वास ठेवायला नको होता.

कारण खरा स्क्रू सुटत नाही. इथे अण्णांची बाजूही मांडली पाहिजे. जपानी वळणाच्या गाड्यांवरचा फुलीचा स्क्रू दिसतो आपल्या नेहमीच्या फुलीसारखाच, पण असतो जपानी मापाचा, आणि त्याची खाच जराशी वेगळी. बाजारातला साधा स्क्रू-ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की वर सटकतो. दर सटकण्याला थोडं डोकं खरवडलं जातं. गॅरेजवाल्याकडे यासाठी इम्पॅक्ट ड्रायव्हर असतो. वरून हातोडी मारली की टोक स्क्रूत दाबलं जातं आणि त्याच क्षणी फिरतंही. अण्णांकडे यातली फक्त हातोडी असते.

एव्हाना मंडळी जमतात. वीज मंडळातून निवृत्त झालेले काका खुर्ची घेऊनच येतात. त्यांच्याकडे एके काळी येझदी होती, म्हैसूरची, जिची किक आणि गिअर हा एकच दांडा. ही माहिती ते दर रविवारी देतात. "आमच्या येझदीला असलं काही नव्हतं," ते म्हणतात. काय नव्हतं ते सांगत नाहीत. वॉचमन म्हणतो, तेल सोडा. इस्त्रीवाला म्हणतो, गरम करा. अण्णा आधी तेल सोडतात आणि मग गरम करायच्या विचारात असतात, तेवढ्यात पेट्रोलची आठवण होऊन काका खुर्ची चार हात मागे घेतात.

शेवटी पकड, छिन्नी आणि एक ठेवणीतली शिवी यांच्या बळावर स्क्रू सुटतात. कार्बोरेटर बाहेर येतो आणि अण्णांचा चेहरा उजळतो. पुढचा अर्धा तास त्यांच्या आयुष्यातला सर्वोत्तम असतो. वरून वाटी मागवली जाते. पूर्वी या कामाला रेशनचं रॉकेल असायचं. ते गेल्यापासून काम पेट्रोलवर आलं आहे आणि वहिनींच्या वाट्यांची संख्या घटते आहे. प्रत्येक भाग अण्णा वाटीत बुडवतात, दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासतात, उजेडात धरून चिरंजीवाला दाखवतात. "हा मेन जेट. हा स्लो जेट. बघ भोक किती बारीक." ते अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं आणि फक्त हवेनं फुंकून साफ करायचं असतं, कारण त्याच्या मापावर पेट्रोलचं प्रमाण ठरतं. अण्णा वहिनींची सुई मागवतात.

मग जेट पडतो. तो नेहमी पडतोच आणि जिथे पार्किंगचा उतार गटाराच्या जाळीकडे जातो तिकडेच पडतो. चिरंजीव जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणतो. लोहचुंबकाला दोन खिळे, एक हेअरपिन आणि सी विंगमधल्या कुणाची तरी टपालपेटीची किल्ली लागते. जेट पितळेचा असल्यामुळे लागत नाही. तो इस्त्रीवाल्याच्या चपलेला खाली चिकटलेला असतो, हे तो निघून गेल्यावर आणि परत आल्यावर कळतं.

यानंतरचा भाग अण्णांना आवडत नाही. उघडताना सगळे वाकून बघत असतात. लावताना काका वर जेवायला गेलेले असतात, चिरंजीवाचा क्लास असतो आणि टॉर्च तोंडात धरावी लागते. त्यात ती रबरी रिंग. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत एक खाच असते, तीत ही रिंग बसते. सकाळी काढली तेव्हा नेमकी बसलेली होती. आता तासभर पेट्रोलमध्ये भिजून ती फुगली आहे. एक टोक बसवावं तर दुसरं वर येतं. तिला कोरडी होऊ दिली तर ती पुन्हा आखडते, पण वाट बघणं अण्णांच्या रक्तात असतं तर त्यांनी शनिवारचा आवाज सोमवारपर्यंत ऐकला नसता. ते इथेनॉलला दोष देतात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणलं गेलं तेव्हापासून अण्णांना मोठा आधार मिळाला आहे. इथेनॉल पाणी धरतं आणि जुन्या गाड्यांच्या रबराला सोसत नाही, हे खरंच. पण अण्णांच्या मते रिंग, जेट, काळे झालेले हात आणि वहिनींचा अबोला या सगळ्याला आपले साखर कारखाने जबाबदार आहेत.

भाच्यानं त्यांना एकदा रॉबर्ट पिर्सिगचं ‘झेन अँड दि आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ भेट दिलं होतं. १९७४ सालचं हे गाजलेलं पुस्तक एका बाप-लेकाच्या मोटारसायकल प्रवासाचं आणि त्याहून जास्त तत्त्वज्ञानाचं आहे. न सुटणाऱ्या एका स्क्रूवर त्यात मोठं चिंतन आहे आणि अण्णांनी तेवढंच जर वाचलं असतं तर त्यांना जिवाभावाचा माणूस भेटला असता. पण त्यांनी ते गाडीचं मॅन्युअल समजून चाळलं, बोल्ट किती घट्ट करायचे त्याचा तक्ता शोधला, सापडला नाही, आणि आता ते गाडी सरळ उभी राहावी म्हणून डबल स्टँडखाली असतं. जाडी योग्य आहे, असं त्यांचं त्या पुस्तकाबद्दल मत आहे.

तक्ता सापडायला हवा होता. दहाच्या पान्यानं फिरणाऱ्या बोल्टची जाडी सहा मिलिमीटर. त्याला साधारण दहा न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर. बोल्ट पोलादी असतो, आणि ज्यात तो शिरतो ते इंजिन ॲल्युमिनियमचं, त्याच्यापेक्षा मऊ. दहाचा पाना नाही म्हणून अण्णा स्क्रू पाना घेतात, वीतभराहून मोठा. बोल्ट बसतो, घट्ट होतो. पुरे, असं बोल्ट आपल्या परीनं सांगतो. पण अण्णांचा हात चेतकच्या चाकाच्या नटांवर तयार झालेला. "अजून एक जोर," ते म्हणतात.

तो जोर लागतो आणि बोल्ट एकाएकी हलका फिरू लागतो.

"आटे गेले," अण्णा पुटपुटतात. जेवून खाली आलेले काका काही न बोलता खुर्ची उचलून वर जातात. येझदीचं नावही काढत नाहीत.

सोमवारी सहा वाजता, सोसायटीला जाग यायच्या आत, अण्णा गाडी ढकलत निघतात. फाटकाशी दूधवाला भेटतो. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," अण्णा सांगतात. गाडी कशाला सोबत, ते दूधवाला विचारत नाही. त्यालाही या रस्त्यावर बरीच वर्षं झाली आहेत.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचा पोरगा शटर वर करतो, गाडीकडे बघतो, वाकतो, बोट फिरवतो.

"काका, कुणी उघडली होती?"

"आहे एक. तिकडे कोथरूडला."

"स्क्रूची डोकी खाल्लीत. जेटमध्ये सुई घातलीय. रिंग कापलीय. आटे काढलेत, ते आता लेथवाल्याकडून पाडून आणावे लागतील, दोन दिवस जातील. गाडीला झालं काय होतं?"

"टॅपेट वाजत होतं."

"मग कार्बोरेटर का उघडला त्यानं?"

अण्णा समोरच्या भिंतीवरचं टायरचं कॅलेंडर वाचू लागतात. पोरगा गाडी हलवून बघतो, कान लावतो, चेन कव्हरचा एक सैल बोल्ट त्याच्या बोटाला लागतो. तो मागं न बघता हात लांबवतो, फळीवरून दहाचा पाना काढतो आणि मनगटाच्या एका हलक्या वळशानं बोल्ट आवळतो. "हा खुळखुळत होता. टॅपेटला काही झालेलं नाही." अण्णांचं लक्ष त्या पान्यावर खिळलेलं. "कुठून घेतलास रे हा?" पोरगा ते ऐकत नाही, त्याचं फडक्यानं हात पुसणं चाललेलं असतं.

"काका, एक सांगू? त्या माणसाकडे परत गाडी टाकू नका. त्याला यातलं काही कळत नाही."

अण्णांचा चेहरा लाल होतो.

"असं एकदम म्हणू नये," ते म्हणतात. "हात चांगला आहे त्याचा. हत्यारं नव्हती बिचाऱ्याकडे."