स्थळकाका

महाडात कुणी म्हणालं, "मुलीसाठी चांगलं स्थळ बघतोय," तर चार माणसं मुलगा सुचवतात. आमचे काका हॉल सुचवतात. मुलगा काय, कुठेही मिळेल; मे महिन्यातल्या मुहूर्ताला पार्किंगसकट हॉल मिळतो का ते आधी बघा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गावाने त्यांना नाव ठेवलं स्थळकाका.

काका एसटीतून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं आगारातले प्रासंगिक करार त्यांच्याच टेबलावर होते. वऱ्हाडाला गाडी हवी की काकांकडे यायचं. पोलादपूरच्या कुठल्या वाडीपर्यंत गाडी जाते, कुठे नवरीच्या मामाने उतरून चालायचं, कुठल्या वळणावर वऱ्हाड हमखास ओकतं, सगळं त्यांना पाठ. नोकरी संपली तशा गाड्या सुटल्या, वऱ्हाडं मात्र सुटली नाहीत. आता ते लोकांना कार्याच्या जागा शोधून देतात, तेही फुकट. दलालीचं कुणी नाव काढलं तर रागावतात. फक्त ते जागा दाखवत असताना मध्ये बोलायचं नाही.

त्यांच्याजवळ लाल रेक्झिनची एक डायरी आणि पंधरा मीटरची टेप असते. डायरीत जागेगणिक एक पान आणि पानावर ठरलेले रकाने: क्षमता, पंगत, खोल्या, जनरेटर, आचाऱ्याचं पाणी, बांधल्याचं साल, पुराची रेघ. शेवटचा रकाना महाडकरालाच कळेल. सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्या आमच्या शेजारणी. २०२१ च्या जुलैत दोघी न विचारता घरात आल्या. तेव्हापासून काका हॉलमध्ये शिरले की आधी स्टेज बघत नाहीत, भिंत बघतात. मालक एसीचं वर्णन करत असतो. काका भिंतीवरून बोट फिरवत फिरवत एका जागी थांबवतात आणि विचारतात, "इथवर ना?" मालकाचा एसी तिथेच बंद पडतो.

पण काकांचं खरं वेड जुन्या इमारतींचं. पीओपीचं छत आणि दारात फायबरचा हत्ती दिसला की त्यांचं तोंड कडू होतं. एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या साहेबाने डीलर मीटसाठी हॉल विचारला, तेव्हा काका म्हणाले, "ह्या हॉलात लग्न लावा नाहीतर तुमचं ते मीट करा, फोटोत फरक फक्त मुंडावळ्यांचा." मग स्वतःच त्याला गांधारपाल्याच्या लेण्यांवर घेऊन गेले. तिथे कुमार विष्णुपालिताने लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याची टाकी दान दिल्याचा प्राचीन ब्राह्मी लेख आहे. काका साहेबाला म्हणाले, "बघा, हॉल, आठ खोल्या आणि पाण्याची सोय. माहितीपत्रक दगडात कोरून ठेवलंय!" साहेबाचे डोळे चमकले. त्यावर काकांनी शांतपणे सांगितलं, "पण मिळणार नाही. १९५९ च्या नियमांप्रमाणे संरक्षित स्मारकात सभा, मेजवानी, स्वागत-समारंभ काही करायचं तर केंद्र सरकारची लेखी परवानगी लागते." साहेबाने विचारलं, मग चढवलंत कशाला? काका म्हणाले, "चांगलं स्थळ बघून ठेवावं. जमायलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातले पंचवीस किल्ले हॉटेलांसाठी आणि लग्नांसाठी देणार अशी बातमी आली आणि एकच गदारोळ उठला. शिवकालीन गडांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. आम्हाला वाटलं, काका हिरमुसले असतील. त्यांनी डायरी मिटली आणि म्हणाले, "गडावर राज्याभिषेक झाला. आता तिथे रिसेप्शन नाही." वेडालाही हद्द असते, काकांची हद्द रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडपाशी संपते.

मुंबईची राणीची बाग मात्र ते आपल्याच तालुक्यात धरतात. ही बाग १८६२ ची, तिला आज जिजाऊंचं नाव, आणि जिजाऊंची समाधी आमच्या पाचाडला. तेव्हा बाग नात्याने महाडचीच. तिथल्या जुन्या संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. त्याला बघून आल्यापासून फायबरचा हत्ती त्यांना मुळीच सोसत नाही.

मागच्या वर्षी काकांच्या भाचीचा लंडनहून फोन आला. तिच्या मुलीच्या मनात क्यू गार्डन्समध्ये लग्न करायचं होतं. त्या वनस्पती उद्यानातल्या जुन्या इमारती लग्नांना आणि कंपन्यांच्या मेजवान्यांना भाड्याने मिळतात. काकांनी चष्मा पुसला, डायरीत नवं पान काढलं आणि व्हिडिओ कॉलवर भाचीची उलटतपासणी सुरू केली. नॅश कॉन्झर्वेटरी मूळची बकिंगहॅम पॅलेसची, १८३६ मध्ये तिथून क्यूला हलवली, हे ऐकून ते खूश झाले. "म्हणजे माहेर राजवाड्याचं आणि नांदायला बागेत आली." मग टेंपरेट हाऊस निघालं: १८६३ पासूनचं काचघर, पाच वर्षं दुरुस्ती होऊन २०१८ मध्ये पुन्हा उघडलेलं. काकांनी विचारलं, काचेखाली होम चालेल का? धूर कुठून जाणार? झाडांना सोसेल का? भाची म्हणाली, "मामा, मोठी काचघरं संध्याकाळीच मिळतात, बाग बंद झाल्यावर."

"मग गोरज मुहूर्त धरा," काका म्हणाले आणि लगेच सावध झाले. "जूनमध्ये तिकडे सूर्य मावळतो कधी?"

"सव्वानऊच्या सुमारास."

"मग पंगत बसणार कधी? मधुमेहाची माणसं असतात ग!"

ते लग्न शेवटी कुठे झालं ते काकांनी लिहून ठेवलेलं नाही. एक वाक्य मात्र लिहिलंय आणि ते आम्हाला वाचूनही दाखवलं: "वापरात नसलेली इमारत आणि बोलावणं नसलेला म्हातारा, दोघं लवकर पडतात." वाचून झाल्यावर त्यांनी चहा मागवला. पैसे आम्ही दिले.

मग त्यांच्या स्वतःच्या मुलीचं ठरलं. सगळं गाव सरसावून बसलं; आता काका कुठली वास्तू काढतात ते बघू. मुलगी म्हणाली, "पप्पा, हॉल नको. नोंदणी पद्धतीने करायचं." काकू हसल्या. काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलीला आणि होणाऱ्या जावयाला अलिबागला नेऊन नोटीस द्यायला लावली. तीस दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार. त्यातला एक मी.

त्या दिवशी विवाह अधिकाऱ्यांची खोली आम्ही पाहिली: एक टेबल, सहा खुर्च्या, एक पंखा. काकांचा हात सवयीने टेपकडे गेला. टेप बाहेर आली नाही. मुलीने सही केली, जावयाने केली, आम्ही तिघांनी केली. बाहेर येऊन काकांनी व्हरांड्याच्या कठड्यावर डायरी ठेवली, नव्या पानावर तारीख घातली आणि रकाने एकेक करत कोरे सोडत गेले: क्षमता, पंगत, खोल्या, जनरेटर. मग पानाच्या वर, जिथे ते हॉलचं नाव लिहितात तिथे, ठळक अक्षरांत लिहिलं: स्थळ उत्तम.

मी म्हटलं, "काका, इमारत तर साधीच आहे."

"इमारतीचं कोण बोलतंय?" काका म्हणाले. "मुलगा चांगला आहे."